आजी, जेवलासा काय?

आपल्या कोल्हापूर भागात माणूस भेटला की पहिला प्रश्न येतो, "जेवलासा काय?" कागलला जा, शिरोळला जा, गडहिंग्लजला जा, हाच प्रश्न कानावर येईल. विचारणारा काही ताट वाढायला आलेला नसतो. तुम्ही कसे आहात, ठीक आहात ना, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. दोन शब्दांची विचारपूस, पण तिच्यावर माणसाचा दिवस बरा जातो.

२०२० साली हे विचारणारे माणूसच दाराशी येईनासे झाले. त्याचा त्रास म्हाताऱ्या माणसांना फार झाला. तेव्हा काय घडले, आणि शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या हातून अशा वेळी काय होऊ शकते, ते या धड्यात आपण पाहू.

दारे बंद झाली

करोना नावाचा रोग २०१९ च्या अखेरीस चीनमध्ये दिसला. पाहता पाहता तो जगभर पसरला. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही महासाथ असल्याचे सांगितले. महासाथ म्हणजे अनेक देशांत एकाच वेळी पसरलेली साथ. आपल्या देशात २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून टाळेबंदी लागली.

टाळेबंदी म्हणजे काय, ते आपण सर्वांनी भोगले आहे. एस.टी. थांबली. शाळा-कॉलेजे बंद झाली. अंबाबाईच्या देवळाचे दरवाजे भक्तांना बंद झाले. लाखो माणसे जिला येतात ती जोतिबाची चैत्र यात्रा त्या वर्षी भरली नाही. रंकाळ्यावर सकाळी फिरणारे म्हातारे घरी बसले. तालमीसमोरचे कट्टे ओस पडले.

म्हाताऱ्या माणसांना तर जास्तच जपावे लागले. वय वाढले की रोगाशी झुंजण्याची शरीराची ताकद कमी होते. त्यात कोणाला मधुमेह असतो, कोणाला दमा, कोणाला रक्तदाब. अशांना करोना झाला तर तो जिवावर बेतत असे. म्हणून मे २०२० मध्ये सरकारने सूचना दिली, की पासष्ट वर्षांवरील माणसांनी अगदी गरज असल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

ही सूचना योग्य होती. तिने पुष्कळांचे जीव वाचले असतील. पण प्रत्येक औषधाला थोडा कडूपणा असतोच. या औषधाचा कडूपणा म्हणजे एकटेपणा.

एकटे राहणे आणि एकटे वाटणे

एक आजी डोळ्यांपुढे आणा. आम्ही तिला नाव देत नाही. कारण अशा आजी त्या वेळी पेठापेठांत होत्या.

समजा, आजी मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहते. मालक वारले. मुलगा पुण्याला नोकरीला, लेक सासरी. टाळेबंदीपूर्वी आजी सकाळी उठून अंबाबाईला जाई. येताना कपिलतीर्थाच्या मंडईत भाजी घेई. भाजी पावशेर आणि बोलणे शेरभर. संध्याकाळी शेजारणींबरोबर पायरीवर बसे. आजी एकटी राहत होती, पण तिला एकटे वाटत नव्हते.

मग दार बंद झाले. खायला कमी नव्हते. शेजारी दूध पिशवी उंबऱ्यावर ठेवून जात. मुलगा आठवड्याला फोन करी. तरी दिवसचे दिवस आजीच्या तोंडातून शब्द निघत नसे. टी.व्ही. बोलत होता, पण टी.व्ही.ला उत्तर कसे द्यायचे? शिवाय त्यावर सारखे मेलेल्यांचे आकडे.

हळूहळू आजीचे बिघडू लागले. "एकटीसाठी काय शिजवायचं?" म्हणून ती सकाळची भाकरी रात्री खाऊ लागली. दिवसा डुलकी आणि रात्री टक्क जागी. रक्तदाबाची गोळी घेतली का नाही, याचा विसर पडू लागला. गुडघे चालले नाहीत म्हणून जास्त दुखू लागले. आता पाहा, आजीला करोना झाला नव्हता. तरी ती आजारी पडत होती.

एकटेपणाचे असे आहे. तो मनात शिरतो आणि शरीराला पोखरतो. भूक जाते, झोप जाते, औषधाचा नेम मोडतो. हृदयाचे विकार, पक्षाघात, स्मृतिभ्रंश यांचा धोका एकटेपणाने वाढतो, असे डॉक्टर मंडळी सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये एक अहवाल काढला. जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपणा जाणवतो, असे त्यात म्हटले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. रानात दिवसभर एकटा नांगर धरणारा शेतकरी एकटा असतो, पण त्याला एकटे वाटतेच असे नाही. उलट भरल्या घरातल्या आजोबांना एकटे वाटू शकते. त्यांना कमी ऐकू येते. माणूस बोलताना ते ओठांकडे पाहून समजून घेतात. साथीत सगळ्यांनी तोंडाला मास्क बांधला. ओठ दिसेनासे झाले. आजोबांना कोणाचेच बोलणे कळेना. "काय म्हणालास?" असे किती वेळा विचारणार? शेवटी ते गप्प बसू लागले. घरच्यांना वाटले, आजोबांचा स्वभाव बदलला.

पूर्वीच्या साथी

साथ आपल्याला नवी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे तो महाराष्ट्रभर पसरला. लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिले. पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रोग्यांची सेवा केली. सेवा करता करता त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुढे १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली. आपल्याकडे तिला 'मानमोडी' म्हणत. तिने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. आज ऐंशी-नव्वदीत असलेल्या कित्येकांनी मानमोडीच्या गोष्टी आपल्या आईकडून ऐकल्या आहेत.

संकट आले की कोल्हापूरची तरुण पोरे मागे राहत नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. तेव्हा पोरांनी म्हाताऱ्यांना खांद्यावर घेतले, नावेत बसवले, कोरड्या जागी आणून सोडले. त्याला वर्षही झाले नाही तोच करोना आला. पुरात माणसाचा हात धरला की तो वाचत होता. साथीत हात धरणेच धोक्याचे होते. ज्याला मदत करायची त्याच्याजवळ जायचे नाही, असा हा पेच होता. धट्टीकट्टी पोरे घरात बसून होती, आणि दोन घरांपलीकडे आजी घरात बसून होती.

मग जवळ न जाता जवळ कसे जायचे?

दहा मिनिटांचा फोन

याचे उत्तर पोरांच्या खिशातच होते. कॉलेजे बंद असल्याने पोरांना वेळ होता. हातात मोबाइल होता. आणि खरे सांगायचे तर त्यांनाही मित्रांवाचून करमत नव्हते.

कॉलेजच्या मुलांनी समाजाचे काम करावे, ही आपल्याकडे जुनी रीत आहे. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. 'माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी' हे तिचे ब्रीद. करोनाच्या काळात या योजनेतील मुलामुलींनी देशात ठिकठिकाणी मास्क शिवले, वाटले, लोकांना माहिती दिली. मास्क वाटणे जसे काम, तसेच म्हाताऱ्या माणसाशी बोलणे हेही काम आहे. पण ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची मोजदाद होत नाही.

नुसत्या बोलण्याने खरेच काही होते का? काहींना शंका येईल. तिचे उत्तर अमेरिकेतल्या एका प्रयोगात मिळते.

टेक्सास राज्यात २०२० च्या जुलै ते सप्टेंबर या काळात हा प्रयोग झाला. घरपोच जेवण घेणारी २४० माणसे निवडली. त्यांचे वय सरासरी ६९ वर्षांचे होते. निम्म्याहून अधिक जण एकटे राहत होते. त्यांचे दोन गट केले. एका गटाला चार आठवडे फोन केले, दुसऱ्या गटाला केले नाहीत. फोन करणारे होते सोळा जण, वय १७ ते २३. त्यांच्यात डॉक्टर कोणी नव्हता. त्यांना थोडे शिकवले होते, ते एवढेच, की आपण कमी बोला, समोरच्याला बोलू द्या, तो जे सांगेल त्यातूनच पुढचे विचारा. प्रत्येकाकडे सहा ते नऊ माणसे दिली. पहिले पाच दिवस रोज फोन, मग समोरचा माणूस म्हणेल तेव्हा. फोन साधारण दहा मिनिटांचा.

चार आठवड्यांनी दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारले. ज्यांना फोन येत होते त्यांचा एकटेपणा कमी झाला होता. काळजी आणि उदासीही कमी झाली होती. पैसा नाही, यंत्र नाही, गोळी नाही. रोजची दहा मिनिटे आणि ऐकणारा कान, एवढ्यावर हे झाले.

असे बोलावे

आता आपल्या आजीकडे येऊ. शेजारच्या गल्लीतल्या एका कॉलेजकन्येने तिला फोन केला आहे असे समजा. दिवस एप्रिलचे आहेत.

"आजी, नमस्कार. मी खालच्या गल्लीतली, तालमीजवळच्या घरातली. कशा हाईसा?"

"मला काय धाड भरलीया? बरी हाय."

"जेवलासा काय?"

"व्हय, जेवले."

"काय केलं हुतं?"

आजी जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "सकाळची भाकरी हुती. एकटीला काय करायचं?"

येथे मुलगी उपदेश करू शकली असती. "असं करू नका, ताजं खावा," असे म्हणाली असती. आजीने "बरं" म्हटले असते आणि फोन ठेवला असता. पण मुलगी शहाणी होती.

"आजी, तुमच्याकडं एक काम हुतं. औंदा डंक बंद हाईत. वरसाची चटणी घरातच करायची म्हणती आई. तुम्ही कशी करता?"

"मिरची कुठली आणलीया? ब्याडगी का संकेश्वरी?"

"दोन्ही हाय."

"मग बरं हाय. मिरची कडक वाळीव. आणि कांदा चांगला लाल हुईस्तवर तळ. कच्चा ऱ्हायला तर चटणीला बुरशी येती. आईला सांग, घाई करू नको म्हणावं."

"सांगते. आणि खोबरं?"

"खोबरं उद्या सांगते. आधी मिरची वाळू दे. उद्या फोन कर."

पाहा, "उद्या फोन कर" हे आजी म्हणाली. मुलगी म्हणाली नाही. आदल्या घटकेपर्यंत आजी कोणाच्या उपयोगाची नव्हती. निदान तिला तसे वाटत होते. आता तिच्यावाचून एका घरची चटणी अडली होती. दुसऱ्या दिवशी ती फोनची वाट पाहत बसली. आणि चटणीचा विषय निघाला म्हणून तिने स्वतःही चार वांगी भाजली, ताजी भाकरी थापली.

आपली म्हातारी माणसे मानी असतात. त्यांना कोणाची दया नको असते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याला वाढले, आता फक्त घ्यायचे त्यांच्या जिवावर येते. म्हणून त्यांना काही देण्याआधी त्यांच्याकडे काही मागावे. चटणीची रीत मागावी, जुने गाणे मागावे, राजारामपुरी वसत होती तेव्हाची आठवण मागावी. मागणारा आला की देणारा ताठ बसतो.

नियम ध्यानात ठेवा

हे काम सोपे आहे, पण ते नेमाने करावे लागते. म्हणून काही नियम सांगतो.

पहिला नियम, वेळ पाळावी. पाचला फोन करतो म्हटले तर पाचलाच करावा. तुमचे पाचचे सव्वापाच झाले तर तुम्हाला काही वाटत नाही. आजी पावणेपाचपासून फोनजवळ बसलेली असते.

दुसरा नियम, ऐकावे. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली तरी ऐकावी.

तिसरा नियम, जेवण, झोप आणि गोळी यांची चौकशी रोज करावी. पण पोलिसासारखी नव्हे, बोलण्याच्या ओघात.

चौथा नियम, पैशाचे विचारू नये. बँकेचे खाते, आधारचा आकडा, मोबाइलवर येणारा ओटीपी, यातले काही मागू नये. आजीलाही बजावून ठेवावे, की गोड बोलून ओटीपी मागणारा माणूस चोर समजावा. तुमच्या फोनने तिचा विश्वास वाढतो. त्या विश्वासाचा फायदा दुसऱ्या कोणाला घेऊ देऊ नये.

पाचवा नियम, झेपणार नाही ते एकट्याने अंगावर घेऊ नये. आजोबांना दम लागतो आहे, आजी दोन दिवस जेवली नाही, कोणी "आता जगून काय करू" असे म्हणते आहे, असे कळले तर लगेच घरच्यांना, शेजाऱ्यांना, डॉक्टरांना सांगावे. म्हाताऱ्या माणसांसाठी १४५६७ हा सरकारी मदतीचा फोन आहे. तो २०२१ पासून देशभर सुरू आहे. मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ हा फोन २०२२ पासून आहे. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

सहावा नियम सर्वांत अवघड आहे. त्याचे वेगळे सांगतो.

फोन थांबला तर

कॉलेजे पुन्हा उघडली. परीक्षा आल्या, नोकऱ्या आल्या. पोरे आपापल्या वाटेला लागली. हे व्हायचेच. पण तीन महिने रोज पाचला वाजणारा फोन एक दिवस वाजलाच नाही, तर आजीने काय समजावे? पोरगी आजारी पडली का? माझे काही चुकले का? आधी ती नुसती एकटी होती. आता तिला कोणी टाकले असे वाटेल. हे दुःख पहिल्या दुःखाहून वाईट.

म्हणून सहावा नियम असा. सुरू करताना किती दिवस जमेल ते खरे सांगावे. थांबताना न सांगता थांबू नये. रोजचा फोन आठवड्यावर आणावा. आपल्या जागी दुसऱ्या कोणाची ओळख करून द्यावी. त्याहून चांगले म्हणजे म्हाताऱ्या माणसांचीच एकमेकांशी गाठ घालून द्यावी. मंगळवार पेठेतल्या आजीला उत्तरेश्वर पेठेतली आजी जोडून दिली, तर पोरे गेली तरी दोघींचा फोन चालू राहील. कदाचित तो तासभर चालेल, आणि त्यात पोरांचा काही भाग नसेल. तेव्हा पोरांनी खुशाल समजावे, की आपले काम फत्ते झाले.

अक्षराचा उपयोग

वाचकहो, या धड्यात तुमचाही भाग आहे. तुम्ही अक्षरे शिकलात, आकडे शिकलात. त्यांचा येथे उपयोग होतो.

पुष्कळ म्हाताऱ्या माणसांकडे मोबाइल असतो, पण त्यांना फक्त आलेला फोन उचलता येतो. स्वतः लावता येत नाही. म्हणजे त्यांची विहीर दुसऱ्याच्या दारात. कोणी पाणी आणून दिले तर प्यायचे. नावे वाचता आली, दहा आकडे ओळखता आले, की ती विहीर त्यांच्या दारात येते.

म्हणून एक जाड पुठ्ठा घ्या. त्यावर मोठ्या अक्षरांत पाच नावे लिहा. मुलगा, लेक, शेजारीण, डॉक्टर आणि १४५६७. प्रत्येक नावापुढे ठळक आकडे लिहा. पुठ्ठा फोनजवळ भिंतीला लावा. मग आजीला समोर बसवून एक फोन तिच्या हातून लावून घ्या. तुम्ही लावून देऊ नका. पहिल्यांदा आकडा चुकेल. चुकू द्या. तुमचाही पहिला 'अ' वाकडाच आला होता.

साथ गेली, आजी आहे

१ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील माणसांना करोनाची लस मिळू लागली. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला, राज्यातली देवळे पुन्हा उघडली. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची आणीबाणी संपल्याचे सांगितले. आजी पुन्हा अंबाबाईला जाऊ लागली असेल.

पण सगळ्याच आजी जाऊ लागल्या नाहीत. त्या दोन वर्षांत कोणाचे गुडघे कायमचे बसले. कोणाच्या शेजारणी साथीत गेल्या. पायरी आहे, पण तिच्यावर बसणाऱ्या उरल्या नाहीत. मुलगे पुण्या-मुंबईलाच आहेत. साथीने एकटेपणा आणला असे आपण म्हणतो. खरे तर तो आधीही होता. साथीत सगळ्यांचीच दारे बंद झाली, म्हणून तो आपल्याला दिसला.

आज दार उघडे आहे. जाण्याला बंदी नाही, मास्क नाही, सहा फुटांचे अंतर नाही. तेव्हा पोरांना फोनवर जे करावे लागले ते आज आपल्याला पायरीवर बसून करता येते. त्याला दहा मिनिटे लागतात. आणि सुरुवात कशी करायची, ते आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

"आजी, जेवलासा काय?"

विचार करा

१. एकटे राहणे आणि एकटे वाटणे यांत काय फरक आहे?
२. घरात माणसे असूनही आजोबांना एकटे का वाटले?
३. मुलीने आजीला उपदेश केला नाही, चटणीची रीत विचारली. त्याने काय झाले?
४. न सांगता फोन थांबवला तर काय होते?

करून पाहा

१. तुमच्या गल्लीत एकटे राहणारे म्हातारे माणूस कोण आहे? या आठवड्यात त्यांच्याकडे जा. काहीतरी विचारा, काहीतरी शिका. काय शिकलात ते पाच ओळींत लिहा.
२. पुठ्ठ्यावर पाच नावे आणि आकडे लिहून ते एका म्हाताऱ्या माणसाच्या घरी लावा.